पान एकशे चव्वेचाळीसपर्यंत

सोमवार, ४

आज मी एक खोटी सही केली. वही कोरी करकरीत, पहिलंच पान, काहीतरी चांगलं लिहून सुरुवात करावी असं मनात होतं. पण जे झालं ते झालं.

सहावीला इतिहास गोष्टीच्या पुस्तकातून शिकवायचा, हे खूळ माझ्या डोक्यात वर्षभर आहे. मोठ्या बाईंनी आज ते मान्य केलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. गालात कायम लवंग, हातात हिरव्या शाईचं पेन, आणि आपलं बोलून झालं तरी चार क्षण गप्प राहण्याची सवय. त्या चार क्षणांत समोरचा माणूस घाबरून आणखी काहीतरी बोलून बसतो. मी बोलून बसले की पस्तीस प्रती कालच घेऊनही ठेवल्यात.

त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. खाली तीन ओळी. भाषा मुलांच्या वयाला योग्य आहे. काळाविषयीची माहिती तपासली आहे. पुस्तक मी शेवटपर्यंत वाचले आहे.

मी वाचली होती एकसष्ट पानं. एकसष्ट म्हणजे काही थोडी नाहीत. म्हटलं, उरलेली उद्या-परवा वाचून टाकू, म्हणजे सही आपोआप खरी होईल. केली सही.

"एकोणतीस तारखेला तुमची नोकरी कायम करायची की नाही ते ठरवायचंय," मोठ्या बाई कागद आत ठेवत म्हणाल्या. "हा प्रयोग त्यात धरला जाईल."

बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. आनंदाने की भीतीने, ते काही अजून कळलेलं नाही.

मंगळवार, ५

हे पुस्तकच का, ते लिहून ठेवते, पुढे कोणी विचारलंच तर.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात चार निवडली होती. पहिल्यात नायक दर दोन पानांनी भाषण देत होता, आणि घोडासुद्धा ते ऐकत उभा राहत होता. दुसऱ्यातली जुन्या काळातली मुलगी अगदी आमच्या पाठ्यपुस्तकासारखी बोलायची. तिसऱ्यात आईला "पाणी दे" म्हणण्याआधी त्या काळातली करपद्धत समजावली होती. चौथं उघडलं तर पहिल्याच ओळीत एका मुलीचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि तिला ते लपवायचे होते. का, ते सांगितलं नव्हतं. मी दुकानात उभ्या उभ्या नऊ पानं वाचली.

अडीचशे वर्षांपूर्वीचं तटबंदीचं शहर, त्याला शत्रूचा वेढा, आणि ही रंगाऱ्याची बारा वर्षांची मुलगी. पाठ्यपुस्तकात या वेढ्यावर एकच ओळ आहे: नव्वदाव्या दिवशी तह झाला व वेढा उठला. गेल्या वर्षी ती ओळ मी तीनदा लिहून घेतली होती, तरी परीक्षेत निम्म्या वर्गाने वेढा नऊशे दिवस चालवला.

गुरुवार, ७

आज पहिलं वाचन. मी वाचत होते आणि तेहतीस पोरं चक्क गप्प होती. खिडकीपाशी बसणारी, जिला मी मनातल्या मनात प्रश्नचिन्ह म्हणते, ती मात्र किती वेळ गप्प राहणार.

"बाई, ही मुलगी खरी होती का?"

"वेढा खरा होता. मुलगी लेखकाने कल्पनेतून केली."

"मग ती मेली तर खरी मरेल का?"

मी म्हटलं पुढे वाचूया. हे माझं ठरलेलं उत्तर आहे. पहिल्या बाकावरचा वकील (हेही माझंच नाव, तो कशावरही वाद घालतो) म्हणाला की खरी नसली तरी भूक तर खरी लागली असेल, कारण वेढ्यात धान्य संपतंच. वर्गात यावर जे काही झालं त्याला चर्चा म्हणायचं की मारामारी, ते मला ठरवता येईना. तास संपल्याची घंटा झाली आणि एकही पोर उठलं नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं.

प्रती सगळ्यांना घरी दिल्या. एक माझी. एक जादा होती ती शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ठेवली होती, ती संध्याकाळी दिसेना. असो.

पुढची पानं मी अजून वाचलेली नाहीत. रविवारी नक्की.

सोमवार, ११

रविवारी नणंद आली, तिची दोन मुलं आली, वाचन राहिलं.

आज सकाळी वकील माझ्यासमोर उभा. "बाई, माझं पुस्तक बिघडलंय."

"शेवटपर्यंत पोचायची एवढी घाई कशाला?" मी मोठ्या ऐटीत म्हणाले. "बदलून घे जा."

त्याने शेजारच्याचं घेतलं. तेही बिघडलेलं. मग सगळा वर्ग मागची पानं उलटू लागला, आणि मीही.

पान एकशे चव्वेचाळीस. रंगाचं पाणी नदीत सोडायच्या भुयारी नाल्यातून ती मुलगी पत्र घेऊन चालली आहे. पाणी हनुवटीपर्यंत आलंय. पलीकडच्या तोंडाशी कोणीतरी दिवा धरलाय. शेवटची ओळ: "दिवा धरणारा हात तिने ओळखला. तो हात होता तिच्या". पान उलटलं की एकशे पंचेचाळीस हवं, तिथे आहे सतरा. आणि सतरावं सुरू होतं असं: "शेळीचा आज पत्ताच नव्हता."

वकिलाने ते सलग, खणखणीत आवाजात वाचलं. तो हात होता तिच्या शेळीचा.

वर्ग हसून हसून बाकांखाली गेला. मीही हसले, आणि हसताना ती सही आठवली. पस्तीसच्या पस्तीस प्रतींना शेवट नाही. आणि मी लिहून दिलंय की तो मी वाचला आहे.

मंगळवार, १२

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत बाइंडरची एवढीशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. पत्ता दोन गल्ल्या सोडूनच. शाळा सुटताच गेले.

बाइंडरकाका खळीच्या डब्यात ब्रश बुडवून बसले होते. पुस्तक हातात घेतलं, न उघडताच उलटं करून कडेने पाहिलं, आणि हसायला लागले.

"अहो, ही थप्पी मी रद्दीत टाकायला काढलेली. विकली कुणी?"

त्यांनी समजावलं. सोळा पानं एकाच मोठ्या कागदावर छापतात आणि घड्या घालतात, त्याला फर्मा म्हणायचं. टेबलाभोवती फर्म्यांच्या गड्ड्या मांडायच्या आणि गोल फिरत एकेक उचलत जायचं. त्या दिवशी शेवटच्या गड्डीच्या जागी कुणीतरी दुसऱ्या फर्म्याची गड्डी ठेवली आणि चहा प्यायला गेलं.

"कोण?" मी विचारलं.

"आता बारा वर्षांनी मीच होतो असं कशाला सांगू," काका म्हणाले.

छापखाना केव्हाच बंद पडलाय. माळ्यावर बघतो म्हणाले, पण आशा धरू नका असंही म्हणाले.

नवरा म्हणतो, "अगं, सरळ जाऊन सांग की मोठ्या बाईंना." तो दंतवैद्य आहे. तोंड उघडलं की प्रश्न सुटतो, असं त्याला सगळ्याच बाबतीत वाटतं.

गुरुवार, १४

हरवलेली जादा प्रत आज टेबलावर परत आली. सगळ्या पानांना लवंगेचा वास. घरी नेऊन नवऱ्याला हुंगायला दिली. तो म्हणाला, "कुणातरी पोराची दाढ दुखतेय. लवंग धरून वाचलंय बिचाऱ्याने." मला फार वाईट वाटलं.

त्याहून वाईट दुपारी घडलं. जिन्यात मोठ्या बाईंनी गाठलं.

"पुस्तकाचा शेवट कसा आहे हो?"

"अनपेक्षित आहे," मी म्हणाले. हे तर खरंच आहे.

त्या चार क्षण गप्प. मग, "त्या मुलीचं काय होतं?"

"ते मुलांनीच शोधावं असा विचार आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. का, देव जाणे. त्या "हं" म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. त्यांना संशय आलाय. नक्की आलाय.

शुक्रवार, १५

निघून गेलंच आहे तोंडून, तर तेच करायचं. आज वर्गाला सांगितलं: शेवट नाही, तर तुम्ही लिहा. पण फुकटचा नाही. शेवटात जी जी वस्तू येईल, ती त्या काळात होती याचा पुरावा द्यायचा. नव्वदाव्या दिवशी तह झाला, हे बदलायचं नाही. आणि पानं सोळाच, कारण फर्मा सोळाचा.

"शेळी चालेल?" मागून आवाज आला.

वकील उभा राहिला. शेळी पुस्तकात आहे, म्हणजे ती त्या काळात होती. दिवा पुस्तकात आहे. म्हणून शेळीने दिवा धरण्यात पुराव्याची काही अडचण नाही.

प्रश्नचिन्ह म्हणाली, "शेळीला हात नसतो."

"तोंडात धरेल."

पुस्तकात हात म्हटलंय, असं तिने ओळीवर बोट ठेवून दाखवलं. या पोरांनी आजवर पाठ्यपुस्तकाची एक ओळ तरी इतक्या बारकाईने वाचली असेल का? मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण चेहरा आवरत नव्हता.

सोमवार, १८

तासाच्या सुरुवातीला सगळ्यांचे दात तपासले. तेहतीस तोंडं, आणि एकाचीही दाढ किडलेली नाही. लवंगवाला लपवतोय. दातांची काळजी या विषयावर दहा मिनिटं बोलले. बोलत असतानाच मोठ्या बाई वही घेऊन आत आल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. इतिहासाच्या तासाला दाढा. माझं नशीबच थोर.

तासभर त्या हिरव्या शाईने लिहीत होत्या. मुलं मेणबत्ती आधी की तेलाचा दिवा, यावर भांडत होती, तेव्हा तर भराभरा लिहीत होत्या. माझ्याविरुद्ध इतका मजकूर निघेल असं वाटलं नव्हतं. बाहेर पडताना म्हणाल्या, "उद्याही येईन."

बुधवार, २०

वर्गाला घेऊन रंगाऱ्याच्या कारखान्यात गेलो. पुराव्यासाठी. जबाबदार व्यक्ती म्हणून मोठ्या बाई सोबत. म्हणजे मी जबाबदार नाही, हे आता उघडच झालं.

हौद, वाफ, टपटप गळणारी कापडं. म्हातारा रंगारी म्हणाला, त्याच्या आजोबांच्या वेळचा नाला अजून आहे, आणि जाळी उचलून दाखवला. पोरं पालथी पडून आत डोकावली. मोठ्या बाई गुडघ्यांवर बसल्या. खरंच, त्या इस्तरीच्या साडीत, ओल्या फरशीवर.

"बारा वर्षांची मुलगी यात वळू शकेल?" त्यांनी विचारलं.

"नाही वळता यायचं. मागे यायचं तर पाय आधी."

"आणि हाताचा रंग किती दिवस राहतो?"

"धंदा करतोय तोवर राहतो. रंगारी रंगाऱ्याला हातावरून ओळखतो, बाई. बाजारात, परगावात, कुठेही."

मोठ्या बाईंनी ते लिहून घेतलं. सहलीच्या सुरक्षिततेचे नियम फार कडक झालेत म्हणे. परत येताना बावीस पोरांचे हात निळे. तक्रारी येणार उद्या, आणि एकोणतीस तारीख नऊ दिवसांवर.

शनिवार, २३

बाइंडरकाका शाळेच्या फाटकाशी आले, काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी. माळ्यावरच्या एका जुन्या हिशोबवहीच्या पुठ्ठ्यात भर म्हणून घातलेला सापडला म्हणाले. शेवटचा फर्मा. एकच. घड्या घातलेला, न कापलेला, त्यामुळे आतली पानं मिटलेली. कडा कापल्याशिवाय कोणाला वाचता येणार नाही.

वर्गात नेला आणि विचारलं, कापू का? सहावीची पोरं ही. डब्याची सुट्टी होईपर्यंत धीर धरत नाहीत. पण प्रश्नचिन्ह म्हणाली, "नको बाई. आमचे आधी होऊ देत." आणि तेहतीसपैकी तीस हात वर.

मला त्या तिघांसारखं व्हावंसं वाटलं. कडेने फटीत डोळा लावून पाहिलं. "आणि" एवढंच दिसलं.

सोमवार, २५

शेवट जमा झाले. अकरा शेवटांत शेळी आहे. वकिलाच्या शेवटात तर तहाच्या अटी शेळीच ठरवते, आणि प्रत्येक अटीला पुरावा जोडलाय. एकीने लिहिलंय की मुलगी पोचलीच नाही, तह तिच्याशिवाय झाला, आणि इतिहासात तिचं नाव नाही ते म्हणूनच. तो कागद मी दोनदा वाचला.

मोजले तर चौतीस. पोरं तेहतीस. पुन्हा मोजले, चौतीसच. एकावर नाव नाही. निळ्या शाईत, सुरेख वळणदार अक्षर, कुठेही खाडाखोड नाही. त्यात पलीकडे दिवा धरणारी बाई शत्रूच्या छावणीतली आहे, त्यांची निशाणं रंगवणारी. दिवा वाऱ्याने विझतो, ती चकमकीच्या दगडाने पुन्हा पेटवते, आणि दिव्याच्या उजेडात मुलीला दिसतं की तो हातही कोपरापर्यंत निळा आहे. कधी न पाहिलेला, तरी ओळखीचा. मुलीला नाल्यात मागे वळता येत नाही, म्हणून ती तो हात धरते.

मी रडले, सरळ सांगते. वर्गातलं कोण लिहू शकेल हे? त्या दाढदुखीवाल्याने लिहिलं असावं, कारण कागदाला लवंगेचा वास आहे. दुखण्याने माणूस खोल होतो, असं नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, मग त्याला दवाखान्यात आण.

बुधवार, २७

राहवेना. गेले आणि सांगून टाकलं. शेवटाशिवाय पुस्तक घेतलं, सही केली तेव्हा एकसष्टच पानं वाचली होती, आणि शेवट कोणाकडेच नव्हता. एका दमात.

मोठ्या बाई गप्प. चार क्षण, पाच, सहा. मी यावेळी आणखी काही बोलले नाही, कारण बोलायला काही उरलंच नव्हतं.

"खोटी सही ही लहान गोष्ट नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तुमचा तो सही केलेला कागद माझ्याकडे आहे. शुक्रवारी तासानंतर बोलू. फर्मा शुक्रवारीच कापणार ना?"

हो म्हटलं. नोकरी गेली, हे तर आता लिहायलाही नको. पण एक सांगते, या महिन्यात सकाळी शाळेत जायला मी चक्क धावत होते. ते तरी माझं आहे.

शुक्रवार, २९

बाइंडरकाका पातळ सुरी घेऊन स्वतः आले. मोठ्या बाई मागच्या बाकावर. सर्र सर्र कडा कापल्या गेल्या आणि मी वाचायला लागले. पान एकशे पंचेचाळीस: तो हात होता तिच्या भावाचा. वर्गाने "हां" केलं, जरा पडेल आवाजातच. शेळीपक्ष उघड उघड नाराज.

पुढे दिवा विझतो. भाऊ खिशात हात घालतो. "त्याने काडेपेटी काढली आणि काडी ओढली."

मी थांबले. वर्ग थांबला. मग वकील सावकाश उभा राहिला.

"पुरावा?"

प्रश्नचिन्हाने वही उघडली होतीच. काडेपेटी यायला वेढ्यानंतर निदान पन्नास वर्षं होती. नंतर जो गोंधळ उडाला तो शेजारच्या दोन वर्गांनी येऊन पाहिला. लेखक नापास. एकमताने नापास. कुणीतरी म्हणालं, मग दिवा पेटवायचा कसा, आणि त्या आरडाओरड्यात मागच्या बाकावरून स्पष्ट आवाज आला:

"माझ्यात चकमक आहे."

तेहतीस माना वळल्या. मोठ्या बाईंच्या गालातली लवंग हलायची थांबली. त्या उठून उभ्या राहिल्या, जसं वर्गात उत्तर देताना मुलं राहतात.

वकील घाबरतो कुठे. "पुरावा, मोठ्या बाई?"

त्यांनी वही उघडून दाखवली. हिरव्या शाईत पानंच्या पानं: नाल्याची रुंदी, दिव्याचं तेल, चकमक, रंगाऱ्याचं प्रत्येक वाक्य. माझ्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. मी किती बावळट आहे हे लिहायला ही वही पुरणार नाही.

मुलांनी त्यांचा शेवट मागितला. मीच वाचला. निळ्या हातापाशी आले तेव्हा प्रश्नचिन्ह हळूच म्हणाली, "यातली मुलगी खरी आहे." मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. डोळे पुसले तेव्हा त्यांच्या बोटांवर मला निळा डाग दिसला, गेल्या आठवड्यात कारखान्यात लागलेला असणार.

तासानंतर त्यांच्या खोलीत गेले. तो छापील कागद टेबलावर. तिसऱ्या ओळीतल्या "शेवटपर्यंत" या शब्दावर हिरवी रेघ मारलेली, वर लिहिलेलं "पान १४४ पर्यंत", बाजूला आजची तारीख आणि मोठ्या बाईंची सही. माझ्या सहीखाली आणखी एक सही, तीही त्यांचीच.

"मीही तेवढंच वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "चूक ती चूकच. तिची नोंद तुमच्या कागदांत राहील. कायम झाल्याचं पत्र त्याच्या मागे लावलंय." आणि मी दाराशी पोचले तेव्हा, "पुढच्या पुस्तकाच्या प्रती घ्याल त्या छत्तीस घ्या."

घरी येईपर्यंत मी हसत होते की रडत होते, वाटेतल्या लोकांना विचारावं लागेल. नवऱ्याला सगळं सांगितलं, फक्त लवंगेचं कसं सांगावं ते कळत नाहीये. त्याने सहावीसाठी तेहतीस टूथब्रश मागवलेत, आणि दाढदुखीवाल्यासाठी वेगळा एक, मऊ केसांचा.